बर्फावर टायरचा आवाज

मी बर्फावर गाडी चालवली आहे, असं मी एका वृद्ध गृहस्थांना सांगितलं होतं. चालवली नव्हती. तोवर मी बर्फ पाहिला होता तो फ्रीजमध्ये, रसवंतीगृहात आणि लांबून, डोंगराच्या माथ्यावर. ते एक वाक्य मी बोललो नसतो तर त्यांची एक साधी इच्छा पुरी झाली असती आणि त्यांच्या मुलाला वर्षानुवर्षं बापासमोर खाली बघावं लागलं नसतं.

न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या टायरच्या दुकानात मी गेली पंधराएक वर्षं काम करतो. दुकान हेमीचं. हेमी माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, माझ्याच वयाचा, रुआपेहू डोंगराच्या पायथ्याशी वाढलेला. मी पुण्याचा, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेतलेला. इथे आलो तेव्हा गाड्यांच्या डिझाइनमध्ये नोकरी मिळेल अशी आशा होती. मिळाली ती जॅक लावायची. पहिलं वर्षभर मी घरी फोनवर ‘गाड्यांच्या कंपनीत आहे’ एवढंच सांगत असे. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं खोटं काही आभाळातून पडलं नाही. सवय आधीची होती.

कामाबद्दल सांगायचं तर एकच गोष्ट समजून घेतली की पुरे. गाडी कितीही ताकदीची असो, रस्त्याला ती टेकते चार तळहातांएवढ्या जागेत. इंजिन, ब्रेक, चालवणाऱ्याची हुशारी, सगळं त्या चार तळहातांतून जातं. लोक गाडीचा रंग निवडायला महिना घेतात आणि टायर निवडायला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत आम्ही जे बोलतो त्यावर ते पुढची चार वर्षं विश्वास ठेवतात. या धंद्याची शान तीच आणि भीतीही तीच.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका गोठेवाल्याचा कुत्रा गाडीतून उतरायला तयार नसे, म्हणून आम्ही गाडी कुत्र्यासकट वर चढवायचो. तो खिडकीतून एखाद्या सरपंचासारखा आमच्या कामावर देखरेख करायचा. आपली मराठी मंडळी नवे टायर बसवले की हळूच विचारतात, “लिंबं आहेत का हो?” हेमीच्या घरी लिंबाचं झाड आहे. त्याने दुकानात एक टोपलीच ठेवली. पहिल्यांदा हा विधी त्याने शांतपणे बघितला, कशासाठी ते विचारून घेतलं आणि मला म्हणाला, “मेट, चारही चाकांना दिलंत. स्पेअरने काय घोडं मारलंय?” तेव्हापासून तो स्पेअरवरही एक लिंबू ठेवतो. गिऱ्हाइकं खूश असतात.

अशा दुकानात एका मे महिन्यात विनय सुर्वे आला. आयटीतला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मूळचा रत्नागिरीचा. घर आमच्या मागच्याच वस्तीत. त्याने नुकतीच जपानहून आलेली वापरलेली गाडी घेतली होती. निळी, टर्बो, चारही चाकांना ताकद पुरवणारी, मागे पंख असलेली. इंजिनिअरिंगच्या होस्टेलच्या भिंतीवर त्याने हिचंच चित्र लावलं होतं म्हणे. गाडीची किल्ली माझ्या हातात देतानाही त्याची बोटं लगेच सुटली नाहीत.

“प्रकाशदादा, दिसायला किलर आहे, पण वळणावर डुलते. पावसात ब्रेक मारला की सगळं मऊ मऊ लागतं.”

मी वाकून बघितलं. टायरवर जपानी अक्षरं, आणि रबरावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक बारीक फटी. “हे बर्फाचे टायर आहेत. ही गाडी तिकडच्या थंड भागातून आली असणार. तू जँडल, म्हणजे रबरी चपला घालून शर्यत पळतोयस.”

हे इथे नेहमी होतं. बर्फाच्या टायरचं रबर मऊ असतं. हवा साधारण सात अंशांच्या खाली गेली की साधं रबर कडक होतं, हे होत नाही. शिवाय त्या बारीक फटी बर्फाला चिमटे काढल्यासारख्या धरतात. पण हॅमिल्टनच्या कोमट, ओल्या रस्त्यावर तेच टायर लोण्यासारखे वागतात. वेगवान गाडीला ते जास्तच जाणवतं. त्यावर तोडगा म्हणजे बारमाही टायर, म्हणजे उन्हात, पावसात आणि थोड्याफार बर्फात चालणारे. मात्र त्यातही दोन जाती आहेत. काहींवर नुसती दोन इंग्रजी अक्षरं असतात, ‘चिखल आणि बर्फ’ या अर्थाची. तो झाला कंपनीचा दावा. काहींवर डोंगराच्या चित्रात बर्फाचा कण कोरलेला असतो. ते बर्फावर खरोखर तपासून घेतलेले असतात. हा फरक मला तेव्हाही ठाऊक होता. अज्ञानाने चूक झाली असं म्हणायची सोय मला नाही.

गाडीत विनयच्या शेजारी कानटोपी घालून त्याचे वडील बसले होते. ते सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्या दिवशी त्यांनी गाडीतून उतरून आमचं सगळं काम हात मागे बांधून बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच चालत आले.

“घरात सगळे कामावर जातात. टीव्हीतलं समजत नाही. इथे बसलं तर चालेल?”

हेमीने हीटरजवळ प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. पुढचे दोन महिने ती अण्णांची खुर्ची झाली. येताना ते थर्मासमधून चहा आणत आणि तिघांच्या कपांत सारखा ओतत. हेमीला मराठी येत नव्हतं, अण्णांना इंग्रजी बेताचं. तरी हेमी माओरीतला नमस्कार, “किया ओरा, अण्णा”, म्हणायचा आणि अण्णा “किया ओरा, हेमीशेट” म्हणायचे, आणि दोघांचं भागायचं.

अण्णांनी सगळा जन्म रत्नागिरीतल्या बर्फाच्या कारखान्यात काढला होता. मासळीच्या होड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या. मिठाच्या पाण्यात सोडलेले पत्र्याचे लांब डबे, अमोनियाचा डोळ्यांतून पाणी काढणारा वास, लादी ओढायचा आकडा, वर टाकायचा भुसा, हे सगळं मला तोंडपाठ झालं. थंड सकाळी आमच्या इथल्या दूध कारखान्याची वाफ दिसली की ते म्हणत, “यांच्याकडेही अमोनिया असणार. मायंदाळ.” एकदा त्यांनी मनातलं सांगितलं.

“एवढी वर्षं बर्फ केला. पण कोणी न केलेला बर्फ एकदा बघायचाय. वरून आपोआप पडतो तो. हात लावून बघायचाय, आमच्यापेक्षा चांगला करतात का.”

त्यासाठी त्यांनी येताना अमृत कोकमची एक बाटली आणली होती. डोंगरावरचा बर्फ स्टीलच्या डब्यात भरायचा, वर कोकम ओतायचं आणि गोळा खायचा, असा बेत होता. विनयने जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, रुआपेहूला न्यायचं कबूल केलं होतं.

माझे वडील गेले तेव्हा मी इथेच होतो. तिकीट मिळून पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी नक्की काय काम करतो हे त्यांना कधी कळलं नाही, कारण मीच कळू दिलं नाही. आणि इथे त्यांच्याच वयाचा एक माणूस रोज दुपारी येऊन माझं काम बघत होता. मी चाक समतोल केलं की मान डोलवत होता. ते मला ‘टायरवाले’ म्हणत, पण ‘डॉक्टर’ म्हणावं तशा सुरात. त्या सुरासाठी मी काहीही बोललो असतो. बोललोच.

“टायरवाले, तुम्ही चालवलीत का हो गाडी, बर्फावर?”

“चालवलीय की. बऱ्याचदा.”

“आवाज कसा येतो?”

मी म्हणालो, “पापड मोडल्यासारखा. कुर्रकुर्र.”

अण्णा केवढे हसले. घरी जाऊन त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं.

जूनच्या शेवटी विनय टायर घ्यायला आला. अण्णा खुर्चीत होतेच.

“दादा, फायनल सांग. रोजचं ऑफिस, वीकेंडला जरा मजा, आणि पुढच्या आठवड्यात अण्णांना घेऊन डोंगरावर. विंटरच ठेवू की ऑल-सीझन?”

खरं उत्तर असं होतं: तपासलेले, बर्फाच्या चिन्हाचे बारमाही टायर मागव, तुझ्या मापात यायला वेळ लागेल, तेवढं थांब. नाहीतर आत्ताचे जपानी टायर या एका फेरीपुरते राहू दे, परत आलास की बदलू. आणि काहीही असलं तरी पायथ्याच्या गावात बर्फात पकडीसाठी चाकांवर चढवायच्या साखळ्या भाड्याने मिळतात का ते विचारून जा, कारण या गाडीच्या चाकावर जागा कमी आहे, जाड साखळी बसणार नाही. यातलं साखळ्यांचं मला धड माहीत नव्हतं. हेमीला माहीत होतं. तो दहा पावलांवर पंक्चर काढत होता. पण त्याला विचारलं असतं तर तो आपल्या मोठ्या आवाजात म्हणाला असता, “तू कधी बर्फ बघितलायस तरी का?” आणि ते अण्णांना समजण्याइतकं सोपं इंग्रजी होतं.

रॅकवर त्या मापाचे नुसत्या अक्षरांवाले टायर होते. स्टिअरिंगला चपळ, दिसायला देखणे.

“हे घे,” मी म्हणालो. “गाडीच्या स्वभावाला हेच शोभतात.”

“बर्फात चालतील ना? अण्णा असतील बरोबर.”

“चालतील. चारही चाकांना ताकद आहे तुझ्या. मी सांगतोय ना.”

“टायरवाले सांगतायत,” अण्णा म्हणाले. विषय संपला. जपानी टायर मी त्याच दुपारी भंगारात टाकले. चार लिंबं ठेवली. पाचवं स्पेअरवर हेमीने ठेवलं.

चारही चाकांना ताकद असली की गाडी चढते छान. पण थांबायची वेळ आली की तिच्याकडेही बाकीच्या गाड्यांएवढीच पकड असते, टायर देईल तेवढी. हे वाक्य मी दुसऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. त्या दिवशी ते माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही.

पुढचं मला विनयकडून कळलं. शनिवारी सकाळी ते डोंगराच्या रस्त्याला लागले. आदल्या दिवशी बर्फ पडला होता. वर जाणाऱ्या गाड्या तपासायला खाली उभ्या असलेल्या माणसाने साखळ्यांचं विचारलं; विनयने सांगितलं, फोर व्हील ड्राइव्ह आहे, टायर बर्फाचे आहेत. त्या माणसाने वाकून अक्षरं बघितली आणि सोडलं. वर एका वळणावर समोरून बस आली. विनयने ब्रेक दाबला. गाडी न वळता सरळ गेली, अगदी सावकाश, आणि कडेच्या चरात तिरकी होऊन बसली. कोणाला लागलं नाही. पण मागून दुसरी गाडी घसरत येईल या भीतीने विनयने अण्णांना पट्टा सोडू दिला नाही. ओढायची गाडी येईपर्यंत ते आतच बसून होते. चारही बाजूंना बर्फ. मांडीवर डबा आणि बाटली. मग त्यांना तसंच खाली आणलं.

सोमवारी विनय गाडी घेऊन आला. पुढचा बंपर लोंबत होता.

“माझीच चूक आहे, दादा. मी पॅनिक होऊन ब्रेक मारला.”

आता खरं बोलायची वेळ होती. मी म्हणालो, “बर्फात ब्रेक असा मारायचा नसतो, विनय. हळू दाबायचा असतो.”

एवढ्यावर थांबलो नाही. त्याला हाताने पॅडलची नक्कल करून दाखवली. तो शाळेतल्या मुलासारखा मान हलवत होता. आज या गोष्टीतलं मला सर्वांत जास्त काय बोचतं, तर ती नक्कल.

अण्णा दुपारी आले. चहा ओतला. नेहमीप्रमाणे तिघांना सारखाच. मग जरा संकोचून म्हणाले, “पापडाचा आवाज काही आला नाही हो. आम्ही काच खाली घेतली होती ऐकायला.”

“ओल्या बर्फावर येत नाही तो,” मी म्हणालो.

“असं होय,” ते म्हणाले.

विनयने पुन्हा डोंगराचं नाव काढलं नाही. अण्णांनी एकदा विषय काढला तर तो उठून बाहेर निघून गेला, असं अण्णाच सांगत होते. ऑगस्टमध्ये त्याने गाडी विकली. होस्टेलच्या भिंतीवरची गाडी चार महिने टिकली. पुढे त्याला ऑकलंडला नोकरी लागली आणि ते सगळे तिथल्या मनुरेवा उपनगरात राहायला गेले. अण्णा भारतात परतण्यापूर्वी एकदा दुकानात आले. कोकमची बाटली माझ्या हातात दिली. बूच उघडलेलं नव्हतं. “एवढ्या लांब परत कुठे नेऊ? तुम्ही सरबत करून प्या.” हेमीशी हात मिळवला. खुर्चीकडे एकदा बघितलं आणि निघाले.

ती खुर्ची मी बरेच दिवस हलवली नाही. दुपारी तीनच्या सुमारास माझे कान अजून थर्मासच्या झाकणाच्या आवाजाकडे लागतात. बाटली दुकानाच्या फ्रीजमध्ये होती. हेमी रोज जेवणाचा डबा काढताना ती बघायचा.

पुढच्या हिवाळ्यात मीच त्याला सांगितलं. सगळं. तो पाना पुसत ऐकत राहिला.

“म्हणजे मी तिथेच होतो,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि तू मला विचारलं नाहीस.”

“नाही.”

त्याने पाना ठेवला. “रविवारी मोकळा आहेस? चल.”

त्याची जुनी गाडी, तिला चारही चाकांना नीट बर्फाचे टायर. रिकाम्या, पांढऱ्या वाहनतळावर त्याने मला चालवायला बसवलं. आधी त्या टायरवर ब्रेक दाबायला लावला, घाबरून दाबतात तसा, जोरात. गाडी थोडी थरथरली आणि थांबली. मग त्याने मित्राची दुसरी गाडी आणली, तिला विनयच्यासारखे टायर. तोच वेग, तोच पाय. ती थांबेचना. पांढऱ्यावर नुसती वाहत गेली आणि मी स्टिअरिंग धरून प्रवाशासारखा बसून राहिलो. विनयला कसं वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. त्याच्या शेजारी अण्णा होते, माझ्या शेजारी कोणी नव्हतं, एवढाच फरक.

मग रस्त्यावर आलो. ताजा बर्फ पडत होता, सावकाश, कोणी न केलेला. मी काच खाली घेतली. कान दिले. कुर्रकुर्र वगैरे काही नव्हतं.

वर पोहोचल्यावर मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, बर्फ भरला आणि ती बाटली उघडली. हेमीने दोनदा घेतलं. “हेवी गुड,” म्हणाला, “अण्णांना सांग.” मी एक घास घेऊन डबा त्याच्याकडे सरकवला. बर्फ हातात धरला तर त्याचा भुगा होत होता. लादीसारखा घट्ट नव्हता. अण्णांनी लगेच नापास केला असता, आणि त्यांनी तो नापास केलेला मला बघायचा होता.

तरीही त्यानंतर मला दोन वर्षं लागली. फोनवर अण्णांची खुशाली विचारायचो. ते विचारायचे, “टायरवाले, धंदा कसा काय?” मी म्हणायचो, बरा आहे. त्यांचे गुडघे गेले, मग हृदयाचं निघालं, डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला मनाई केली. बर्फाची गोष्ट आता होणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं.

गेल्या डिसेंबरात पुतणीच्या लग्नासाठी पुण्याला गेलो. विनयही सुट्टीवर रत्नागिरीला होता. एसटी पकडून गेलो. अण्णा पडवीत आरामखुर्चीत होते. खूप बारीक झालेले. शेजारचे एक गृहस्थ गप्पा मारायला आलेले. विनय आणि त्याची मुलगी पायरीवर बसली होती.

“हे आमचे टायरवाले,” अण्णांनी शेजाऱ्यांना ओळख करून दिली. “न्यूझीलंडचे. यांनी टायर दिले एक नंबर. पण आमच्या चिरंजीवांनी ऐन वेळी ब्रेक मारला. म्हणून आमचा गोळा राहिला.”

शेजारी हसले. ही गोष्ट त्यांनी आधीही ऐकलेली होती, हे हसण्यावरून कळत होतं. विनयही हसला आणि पाण्याचा तांब्या घेण्याच्या निमित्ताने उठला.

त्याची मुलगी म्हणाली, “आजोबा, नॉट अगेन. पप्पांनी हीप्स ऑफ टाइम्स सॉरी म्हटलंय.”

“अगो, गंमत करतोय मी.”

“ही डझन्ट लाइक इट.”

विनय दारातच थांबला होता, पाठ आमच्याकडे. मी त्याला हाक मारली. म्हटलं, पाणी राहू दे, इथे ये, बस. तो येऊन बसला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली जमिनीवर बसलो. प्रवासभर जुळवलेलं सगळं विसरलो, आणि जे तोंडाला आलं ते असं होतं:

“अण्णा, तुम्ही विचारलंत तेव्हा मी बर्फावर कधीच गाडी चालवली नव्हती. पापडाचा आवाज मी मनाने रचला होता. नंतर मी खरंच जाऊन आलो. आवाज येत नाही. उलट रस्त्याचा जो नेहमीचा आवाज असतो ना, तोसुद्धा बंद होतो, आणि आपलाच श्वास ऐकू येतो. विनयने ब्रेक मारला तो कोणीही मारला असता. बरोबरच्या टायरवर गाडी थांबली असती, मी मारून बघितलाय. चुकीचे टायर मी दिले, कारण मला माहीत नाही असं तुमच्यासमोर म्हणायची मला लाज वाटली. विनय, तुला मी ब्रेक शिकवला, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तुमचा बर्फ माझ्यामुळे राहिला, अण्णा. याचा नाही. माझं चुकलं. तुम्ही दोघांनी मला माफ करा.”